दुर्गम पाड्यांवर पाणी तपासायचे तर कोणती साधने आधी घ्यावीत?

प्रश्न असा आहे. मेळघाटात धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बारा-तेरा पाड्यांवर आरोग्याचे काम करणाऱ्या एका गटाला येत्या पावसाळ्यापासून पिण्याच्या पाण्याची तपासणी स्वतः सुरू करायची आहे. प्रयोगशाळेत नमुना पोहोचवायला अर्धा दिवस मोडतो, विजेचा भरवसा नाही, तपासणी करणारे कार्यकर्ते बारावीपर्यंत शिकलेले आहेत आणि हाताशी साधारण वीस हजार रुपये आहेत. एका विक्रेत्याने त्यांना टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), पीएच (आम्ल-अल्कपणा), क्षारता आणि तापमान एकाच वेळी दाखवणारे डिजिटल यंत्र सुचवले आहे. ते घ्यावे का, आणि नसेल तर काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

ते यंत्र तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र वाईट आहे म्हणून नव्हे; ते जे मोजते त्याने तुमच्या पाड्यांवर माणसे आजारी पडत नाहीत म्हणून. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आल्याने जुलाबाची साथ पसरली आणि माणसे दगावली. अशा विहिरीत टीडीएस मीटर बुडवला असता, तर त्याने बहुधा अगदी समाधानकारक आकडा दाखवला असता. मेळघाट हा बहुतांश बेसाल्ट खडकाचा, भरपूर पावसाचा प्रदेश आहे. तेथील पाण्यात विरघळलेले क्षार सहसा कमीच असतात. तेथे धोका आहे तो विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा, आणि जंतू पाण्याची विद्युतवाहकता बदलत नाहीत.

साधने निवडताना मी एक कसोटी लावतो आणि विदर्भातील एवढ्या वर्षांच्या कामात ती मला कधी सोडावी लागली नाही. पाण्यातला कोणता गुण प्रवासात टिकतो आणि कोणता टिकत नाही, हे आधी पाहावे. जो टिकत नाही त्याची तपासणी पाड्यावरच झाली पाहिजे आणि पैसा तेथे खर्च झाला पाहिजे. जो टिकतो त्याचा नमुना बाटलीत भरून सावकाश प्रयोगशाळेत पाठवता येतो. पाण्यातील मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळा उरलेला क्लोरीन, काही मिनिटांतच घटू लागतो, म्हणून त्याची तपासणी नळाशीच करावी लागते. जंतूंच्या तपासणीसाठीचा नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत तपासायला लागला पाहिजे. पावसाळ्यात घाटरस्ता बंद झाला की ही अट पाळणे अशक्य होते. याउलट फ्लोराइडचा नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत २८ दिवस राहिला तरी चालतो, क्लोराइडचेही तसेच आहे. त्यामुळे महागडे फ्लोराइड किट घेऊन पाड्यापाड्यांवर फिरण्याची आणि जंतूंचा नमुना मात्र एसटीने अमरावतीला पाठवण्याची जी पद्धत अनेक संस्थांत दिसते, ती मुळातच उलटी आहे.

पहिली खरेदी क्लोरीन तपासणीच्या संचाची असावी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, म्हणजे गावाच्या पाण्याची देखरेख करणारा कर्मचारी, जी ‘ओटी टेस्ट’ करतो ती ऑर्थोटोलिडीन या रसायनाची. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते आणि क्लोरोस्कोपच्या रंगपट्टीशी ताडून आकडा काढला जातो. ती स्वस्त आहे आणि सर्वांच्या सवयीची आहे, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. ऑर्थोटोलिडीन आरोग्याला घातक असल्याचे मानले जाते, त्यामुळे ते हाताला लागू देऊ नये. दुसरी अडचण वाचनाच्या वेळेची आहे. थेंब टाकताच पहिल्या दहा सेकंदांत दिसणारा पिवळेपणा मुक्त क्लोरीनचा असतो. त्यानंतर गडद होत जाणारा रंग अमोनियाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्याची जंतू मारण्याची ताकद फार कमी असते. नळी हातात धरून पाच मिनिटे गप्पा मारल्या आणि मग आकडा लिहिला, तर तो आकडा विनाकारण धीर देणारा ठरतो. म्हणून नवीन खरेदी करताना मी डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांचा संच घेण्याचा सल्ला देईन. त्यात रंग गुलाबी येतो, मुक्त आणि जोडलेला क्लोरीन वेगळा ओळखणे सोपे जाते आणि गोळ्या पाकिटबंद असल्याने दमट हवेतही टिकतात. मात्र एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला करून दाखवा: विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नुकतेच टाकलेले असेल आणि क्लोरीन खूप जास्त असेल, तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटताक्षणीच उडून जातो आणि पाण्यात क्लोरीनच नाही असे वाटते. शंका आली की तेच पाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहापट पातळ करून पुन्हा पाहावे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार जंतुनाशन केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन असला पाहिजे. ‘टोकाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टाकीखालच्या पहिल्या नळावर ओटी घेऊन रजिस्टर भरले जाते आणि शेवटच्या वस्तीत क्लोरीन शून्य असतो. तुम्ही सुरुवातच शेवटच्या नळापासून करा, आणि दर वेळी दोन-तीन घरांतील हंड्यातले किंवा माठातले पाणीही तपासा. नळाला क्लोरीन आहे आणि माठात नाही, असे आढळले तर दोष योजनेत शोधायचा की घरातल्या साठवणुकीत, हे तेथेच कळते.

विहिरींसाठी आणखी एक जुने साधन सांगतो, कारण ते आता विसरले जात आहे. हॉरॉक्स संच हा पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी तयार झालेला संच होय. त्यात सहा पांढरे पेले, एक काळा पेला, प्रत्येकी दोन ग्रॅम पावडर मावणारे चमचे आणि स्टार्च-आयोडाइडचे दर्शक द्रावण हे मुख्य असते. काळ्या पेल्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण करायचे, सहा पेल्यांत विहिरीचे पाणी भरून त्यात ते एक, दोन, तीन अशा चढत्या थेंबांनी टाकायचे, अर्धा तास थांबायचे आणि मग दर्शक टाकून स्पष्ट निळा रंग देणारा पहिला पेला शोधायचा. तिसरा पेला निळा झाला, तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागते. या तपासणीचे मोल असे की तुमच्या हातातली पावडर आज किती ताकदीची आहे आणि त्या विहिरीचे पाणी आज किती क्लोरीन खाते, या दोन्ही गोष्टी एका उत्तरात येतात. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो; अशी अडीच ग्रॅम पावडर हजार लिटरला टाकली तर सुमारे ०.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रा पडते. पण ओल्या खोलीत तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातली ताकद काही आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकते, आणि मग तेच माप टाकूनही पाणी असुरक्षित राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील जुन्या आरोग्य सहायकांना हा संच वापरता येतो. त्यांच्याकडून शिकून घ्या.

दुसरी खरेदी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्यांची. ही तपासणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये मांडली, आणि दुर्गम भागासाठी भारतातून जगाला मिळालेल्या चांगल्या साधनांपैकी ती एक आहे, असे मी मानतो. निर्जंतुक बाटलीत पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार शोषलेला कागद असतो. खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलिलिटर, पाणी भरून बाटली उबेत ठेवली की विष्ठेशी संबंधित जंतू असल्यास ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळे पडते. यंत्र नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि काळा रंग ओळखायला शिक्षण लागत नाही. पाड्यावरच्या बैठकीत काळी बाटली समोर ठेवली की विहिरीच्या कठड्याचा प्रश्न लोक स्वतःहून काढतात, हा या तपासणीचा मोठा गुण आहे.

मात्र तिच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय ती वापरू नये. तापमान ३० ते ३७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असेल तर बारा ते अठरा तासांत निकाल दिसू लागतो. मी चोवीस तास पाहतो आणि स्वच्छ राहिलेली बाटली आणखी एक दिवस ठेवतो. चिखलदऱ्याच्या थंडीत बाटली उघड्यावर ठेवली तर जंतू असूनही ती काळी पडत नाही. त्यासाठी विजेचा इनक्युबेटर नको. थर्माकोलची मासळी-पेटी घ्यावी, तिच्यात हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाव्यात, मध्ये थर्मामीटर ठेवावा आणि तो तिसाच्या खाली उतरू लागला की पाणी बदलावे. मे महिन्यात उलट काळजी घ्यावी लागते, पत्र्याच्या खोलीत पेटी चाळिशीच्या वर तापते आणि जंतूच मरतात. दुसरे असे की काही खोल विंधन विहिरींच्या पाण्यात निसर्गतःच सल्फाइड असते, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. असे पाणी भरल्यावर काही मिनिटांतच काळे झाले तर तो जंतूंचा निकाल नव्हे. तिसरे असे की मानक १०० मिलिलिटरमध्ये जंतू नसावेत असे सांगते आणि बाटलीत पाणी असते २० मिलिलिटर. म्हणून ज्या स्रोतावर बरेच लोक अवलंबून आहेत, तेथे एकाच वेळी पाच बाटल्या भराव्यात. त्यातून १०० मिलिलिटर पाणी तपासले जाते, शिवाय किती बाटल्या काळ्या झाल्या यावरून दूषणाचा अंदाजही येतो. पाचपैकी तीन काळ्या झाल्या तर १०० मिलिलिटरमध्ये असे साधारण चार-पाच जंतू असावेत, पाचही झाल्या तर आठांहून अधिक. काळ्या झालेल्या बाटलीत आता जंतूंची दाट वाढ आहे, हे विसरू नये. ती मुलांच्या हाती देऊ नये. टीसीएलचे दाट द्रावण ओतून काही तास ठेवावी आणि मग पाण्याच्या स्रोतापासून लांब खड्ड्यात रिकामी करावी.

विष्ठेतून येणारा ई-कोलाय हा जंतू नेमका मोजणाऱ्या, पाच कप्प्यांच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि जंतू वाढवण्याच्या तयार माध्यमाच्या लहान तबकड्याही मिळतात. त्या चांगल्या आहेत, पण परदेशी असल्याने दर तपासणीचा खर्च कितीतरी पट पडतो. साथ आटोक्यात आल्यावर विहीर खरोखर शुद्ध झाली का हे ठरवायला थोड्या आणाव्यात, नेहमीच्या फेरीसाठी नव्हे.

गढूळपणासाठी तळाशी काळी फुली असलेली पारदर्शक नळी पुरते. वरून पाहत पाणी ओतत जायचे आणि फुली दिसेनाशी झाली की बाजूच्या मापावरचा आकडा वाचायचा. ती सुमारे ५ एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) खाली भेद करू शकत नाही, पण क्लोरीन टाकण्याआधी पाणी निवळायला हवे की नको एवढा निर्णय तिच्यावर घेता येतो, कारण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड वाचतात. पीएचसाठी कागदी पट्ट्या घ्या. पेनसारखा पीएच मीटर स्वस्त दिसतो, पण त्याचा काचेचा इलेक्ट्रोड कोरडा पडला की निकामी होतो आणि त्याला दर वेळी ठरावीक पीएचच्या बफर द्रावणांशी जुळवावे लागते. आपल्याला पीएच ८ च्या वर आहे का, एवढेच पाहायचे असते, कारण त्यापुढे क्लोरीनचा प्रभाव घटतो.

आता टीडीएस मीटरविषयी. काही शे रुपयांचा साधा मीटर जरूर घ्या, पण त्याच्याकडून योग्य ते काम करून घ्या. तो क्षार मोजत नाही; तो विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरलेल्या गुणकाने गुणून आकडा दाखवतो. गाविलगडाच्या डोंगराखाली उतरून पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला, बुलढाणा आणि अमरावतीच्या खारट गावांत, हे साधन फार उपयोगी आहे, कारण तेथे प्रश्नच क्षारांचा आहे. तुमच्या पाड्यांवर त्याचा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक हातपंपाचा उन्हाळ्यातला आकडा लिहून ठेवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तो पुन्हा मोजा. आकडा एकदम खाली आला असेल, तर वरचे पाणी फुटलेल्या ओट्यातून किंवा विंधन विहिरीच्या सैल केसिंग पाइपमधून थेट आत शिरते आहे असा दाट संशय घ्यावा आणि त्याच दिवशी तेथे एच-टू-एसच्या पाच बाटल्या भराव्यात. मीटरची पडताळणीही घरच्या घरी होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ०.७४५ ग्रॅम कोरडे पोटॅशियम क्लोराइड तोलून घ्यावे, ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर करावे. २५ अंशांवर त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स आली पाहिजे.

फ्लोराइडचा प्रश्न यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही तालुक्यांत गंभीर आहे. तेथील एखाद्या गटाने हाच प्रश्न विचारला असता, तर मी फ्लोराइड यादीत वर घेतले असते. तुमच्याकडे प्रत्येक स्रोताचा एक नमुना वर्षातून एकदा प्रयोगशाळेत पाठवला तर बस आहे. ज्यांना किट घ्यायचेच आहे त्यांना एवढेच सांगेन की डोळ्यांनी रंग ताडणारे किट ०.५ आणि ३ यांतला फरक चांगला दाखवते, पण मर्यादा आहे १.० आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि नेमक्या त्या पट्ट्यात किट डळमळते. पाण्याची अल्कता जास्त असेल, त्यात ॲल्युमिनियम किंवा फॉस्फेट असेल, तरी वाचन चुकते. साधारण ०.८ ते १.८ च्या दरम्यानचा प्रत्येक निकाल संशयित धरून नमुना फ्लोराइड नेमके मोजणारा आयन इलेक्ट्रोड असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा. केवळ किटच्या भरवशावर हातपंपाला पिण्यास अयोग्य म्हणून लाल रंग फासू नये. एकदा लाल झालेला पंप सोडून बाया शेजारच्या उघड्या झऱ्यावर गेल्या, तर तेथे जुलाब त्यांची वाट पाहत असतो.

नायट्रेटसाठी पट्ट्या घ्याव्यात, कारण उकिरडे आणि गोठे विहिरीला लागून असतात. खरेदी करताना पट्टीवरचा आकडा कशात दिला आहे ते नीट वाचा. काही कंपन्या तो नायट्रेट म्हणून देतात, काही नायट्रोजन म्हणून. आपली मर्यादा ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आहे आणि ती सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रोजनच्या बरोबर येते. नायट्रोजनच्या पट्टीवर ‘२०’ पाहून पाणी मर्यादेत आहे असे लिहिले जाते, तेव्हा ते प्रत्यक्षात मर्यादेच्या दुप्पट असते.

खरेदीआधी ग्रामपंचायतीत जाऊन फील्ड टेस्ट किटची पेटी उघडून पाहा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना या किटचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या महिला कोण आहेत हे विचारा, त्यांनाच तुमच्या कामात घ्या, आणि पेटीतल्या प्रत्येक बाटलीवरची मुदत वाचा. मुदत संपलेल्या रसायनाने केलेल्या तपासणीपेक्षा तपासणी न केलेली बरी, कारण तिच्या निकालावर विश्वास ठेवून कोणीतरी पाणी पिते.

विश्वासार्हतेसाठी फार काही करावे लागत नाही, पण जे करायचे ते प्रत्येक फेरीत करावे लागते. एक तपासणी डिस्टिल्ड वॉटरची करावी. तिच्यात रंग आला तर रसायन किंवा भांडे बिघडले आहे. रंग नेहमी सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, पांढरा कागद मागे धरून वाचावा. पिवळ्या दिव्याखाली ओटीची पट्टी वाचताच येत नाही. दोघांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहावा. काहींना रंगांतला फरक कमी कळतो आणि ते त्यांनाही ठाऊक नसते, ते यातूनच लक्षात येते. दहातील एका स्रोताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून निकाल ताडावा. आणि रंगपट्टी उन्हात ठेवू नये, ती फिकट झाली की सगळेच पाणी गडद दिसू लागते.

एवढ्यानंतरही सर्वांत स्वस्त साधन उरते, ते म्हणजे स्रोताची पाहणी. ओटा फुटला आहे का, सांडपाणी कुठे साचते, शौचालयाचा खड्डा किती अंतरावर आणि वरच्या अंगाला आहे का, दोर-बादली जमिनीवर पडते का, गुरे कुठे बांधतात, असे दहा प्रश्न एका कागदावर छापून घ्या. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची जी पद्धत आहे, ती अशाच पाहणीवर उभी आहे. बाटली आज स्वच्छ राहिली आणि पाहणीत चार दोष निघाले, तर मी दोषांवर विश्वास ठेवीन. बाटली एका दिवसाच्या पाण्याचे सांगते, फुटका ओटा सबंध पावसाळ्याचे सांगतो.

प्रत्येक निकालानंतर कोणी काय करायचे, हे तपासणी सुरू करण्याआधीच ठरलेले असावे. शेवटच्या नळावर क्लोरीन ०.२ च्या खाली असेल तर त्याच दिवशी जलसुरक्षकाला कळवायचे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजायचे. बाटली काळी झाली तर आशाताईंना सांगायचे, पाणी खळखळ उकळून प्यायला सांगायचे, विहिरीत मात्रा टाकायची आणि नवी बाटली भरायची. जूनच्या पहिल्या पावसापासून सप्टेंबरअखेर ही फेरी दर आठवड्याला करावी, एरवी महिन्यातून एकदा पुरते.

तुमच्या रकमेत दोन डीपीडी संच, एक हॉरॉक्स संच, पावसाळाभर पुरतील एवढ्या एच-टू-एस बाटल्या, दोन थर्माकोल पेट्या व थर्मामीटर, गढूळपणाची नळी, पीएच आणि नायट्रेटच्या पट्ट्या आणि एक साधा टीडीएस मीटर एवढे बसू शकेल. एकाच वेळी सगळ्या बाटल्या आणि गोळ्या घेऊ नका. मेअखेर अर्धा साठा घ्या, ऑगस्टमध्ये उरलेला, आणि दोन्ही वेळा पावती घेण्याआधी पाकिटावरची मुदत किमान सहा महिने पुढची आहे हे पाहून घ्या.